कापसाच्या खोलीतलं इंग्रजी

समोरची खोली काल पुन्हा कापसानं भरली. दार लावायला गेलो तर आतून कापूसच दाराला टेकला. आमच्या उंद्रीकडं ज्याच्या घरी एखादी खोली जास्तीची आहे त्याचा हिवाळा असाच जातो. कापूस घरात झोपतो आणि माणसं ओसरीवर. पाहुणा आला तर त्याला आधी कापूस दाखवायचा, चहा मागून.

कापसाच्या खोलीची एक गंमत आहे. तिच्यात आवाज मरतो. टाळी वाजवली तर टाळी हातातच राहते. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत वाटतं कोणी दूर कुठं तरी दळण दळतंय. वास म्हणाल तर उन्हाचा, सरकीचा, थोडा वाळल्या पाचोळ्याचा. आणि अंगाला खाज. ती कापसाबरोबर फुकट येते.

काल त्या दारात उभा राहिलो आणि मला माझ्या पोरीचा तो हिवाळा आठवला. शुभांगीचा. आम्हाला हे एकच लेकरू. नर्सिंग शिकलेली, चिखलीच्या एका दवाखान्यात नोकरी करायची. त्या हिवाळ्यात नोकरी सोडून घरी आली होती आणि या खोलीत, कापसाच्या ढिगावर मांडी घालून, इंग्रजी शिकत बसायची.

तिची माय त्याच पावसाळ्यात गेली होती. मी तिच्या मायचं नाव घेत नाही. जिवंतपणी घेतलं नाही, आता काय घ्यायचं.

परदेशातल्या एका दवाखान्यात शुभीला घ्यायला तयार होते. अट एकच होती, इंग्रजीची परीक्षा. तिच्यात बोलणं, ऐकणं, लिहिणं असे भाग, व्याकरण आणि वाचन हे आणखी. पहिल्या खेपेला बाकी सगळं निघालं, व्याकरण काठावर निघालं, वाचनात पडली. उन्हाळ्याच्या आत दुसऱ्यांदा देऊन पास झाली तर जागा तिची, नाही तर तिच्या मागं उभ्या असलेल्या पोरीची. तिसरी खेप नव्हती. मला एवढंच कळत होतं आणि एवढं पुरे होतं.

वावरात तिच्यासाठी काही नव्हतं. मला तरी कुठं होतं? बीटीचं बियाणं नवीन आलं तेव्हा आम्ही खांद्यावरचे फवारणीचे पंप खाली ठेवले आणि म्हटलं, सुटलो. काही वर्षं खरंच सुटलो. मग गुलाबी अळी आली. ही अळी मोठी हुशार. बोंडाच्या आत शिरते आणि मागचं दार लावून घेते. बाहेरून बोंड हिरवंगार, भरलेलं. फोडलं की आत कवडी, म्हणजे किडलेला कापूस, पिवळा, चिकटलेला. त्या वर्षी निम्मं वावर असं होतं. बाया वेचायला यायच्या आणि ओटी भरायच्या आधीच कंबर धरून उभ्या राहायच्या, कारण एकेक पाकळी नखानं ओढून काढावी लागायची. तरी जो चांगला निघाला तो या खोलीत आणून टाकला. पोरगी त्यावर बसली.

भिंतीवर तिनं व्याकरणाचे कागद चिकटवले होते, पार खालपासून. काय काय आकडे, बाण, रिकाम्या जागा. मी विचारलं, "हे मधात मधात गाळून काऊन ठेवलं?"

"ते भराचं असते, बाबा."

"ज्यानं गाळलं त्यालेच भरू दे ना."

"त्याले येते हो. त्याले माह्यं पाहाचं आहे."

वेचणी चालली तसा ढीग वर चढला आणि खालचे कागद कापसात बुडाले. मी म्हटलं, अगं काढून घे, दबतील. ती म्हणाली, "बुडाले ते पाठ झाले." पौष लागला तेव्हा व्याकरण सगळं कापसाखाली गेलेलं होतं आणि ती आढ्याला डोकं लागेल एवढ्या उंचीवर बसून वाचत होती. खाली उतरली की केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस. तिशीच्या आत म्हातारी दिसायची. मी हसलो की तीही हसायची. त्या घरात पावसाळ्यानंतर पहिल्यांदा कोणी हसलं असेल तर ते यावर.

रशीद पिंजारी गादीचा कापूस पिंजायला आला होता. त्याची माझी जुनी दोस्ती. त्यानं दारातून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, पोरगी कापसात घुसून काय करून राह्यली?"

"अभ्यास."

"कापसात?"

"तिथं आवाज नाई येत."

"हौ, वो तो है. कब्र बी इतनी चुप नहीं रहती." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. माझ्याकडं पाहीना. मी म्हटलं, "चावू नको. घर आहेच तसं सध्या. पिंज तू." मग त्याच्या धनुकलीचा तो टणत्कार सुरू झाला आणि मला बरं वाटलं. त्याला आवाज तरी होता.

खरं सांगतो, मला मुकं वाचन समजायचं नाही. आमच्या घरी पोथी वाचली ती मोठ्यानं. पेपर वाचला तो मोठ्यानं. मी चौथीपर्यंत गेलो, तिथंही मास्तर म्हणायचे, आवाज येऊ द्या. ही पोरगी तोंड मिटून तास-तास कागदाकडं पाहत बसायची. पहिले काही दिवस मला वाटलं, ही वाचत नाही, मायला आठवून बसली आहे. म्हणून मी आत डोकावून काहीबाही विचारायचो. दूध तापवू का. दोरी कुठं आहे. दोरी माझ्या खांद्यावरच असायची.

एका दुपारी ती चिखलीहून परत आली. तिथं एक सर या परीक्षेची तयारी करून घ्यायचे, आठवड्याला सराव पेपर द्यायचे. एसटीतून उतरली ती घरी गेलीच नाही, सरळ वावरात आली. बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या होत्या. वेचणाऱ्या बायांची म्होरकी सुमनबाई, तिनं पोरीचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं वं माय? तोंड काऊन उतरलं?"

"कापसावर उतारा आला होता, मावशी."

"मंग तं तुह्या घरचाच पेपर!"

"त्यातच सगळं चुकलं."

आम्ही तोंडाकडं पाहत राहिलो. जहाजांवरचा उतारा तिला आला होता, बर्फाच्या डोंगरावरचा आला होता. आणि कापसात पोरगी पडली!

तिनं कागद मांडीवर पसरला आणि सांगितलं. उतारा वाचायचा, खाली काही वाक्यं दिलेली असतात. प्रत्येक वाक्यापुढं लिहायचं, खरं, खोटं, की सांगितलेलं नाही. उताऱ्यात होतं की नवं बियाणं आलं आणि बोंडअळीचा त्रास संपला. खाली वाक्य होतं, त्रास संपला. हिनं लिहिलं, खोटं.

"बराबर लिवलं," सुमनबाई म्हणाली. तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून एक बोंड तोडलं, दातानं फोडलं आणि आतली गुलाबी अळी कागदावर टाकली. "हे घेऊन जा तुह्या सराकडं. म्हणाव, हे वाच."

"सर म्हणले, तू पेपर सोडवला का कोर्टात साक्ष देली?"

बाया हसल्या. मी नाही हसलो. माझं डोकं फिरलं होतं. "कोण लिवलं ते? त्यानं वावर पाह्यलं का कधी? खरं लिवलं तं चूक, आन् खोटं लिवलं तं मार्क?"

"बाबा, खरं काय आहे ते विचारतच नाईत ते. कागदात काय आहे ते विचारतात."

"मंग असल्या कागदाले जाळ लाव."

"लावते," ती म्हणाली, "मंग इथंच राह्यते. काढा मले उद्यापासून वेचणीले."

तिनं अळी कागदावरून हळूच झटकली, कागदाची घडी घातली आणि माझ्या भाकरीतली अर्धी भाकर खाल्ली.

नंतर तिनंच सांगितलं, खऱ्या परीक्षेतही ती अशीच पडली होती. तिथं उतारा होता दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीवर. तिनं उताऱ्यातलं न लिहिता वॉर्डातलं लिहिलं. कागद एक म्हणतो, ही म्हणते, नाही, मी पाहिलं आहे. हे कोणाचं रक्त ते मला तेव्हाच कळलं. तिची माय अशीच. मी ओसरीवर चारचौघांत बसून सांगायचो, रात्रभर पाऊस होता. आतून चुलीपाशून आवाज यायचा, "मधात थांबला होता." मी म्हणायचो, सगळं गाव होतं लग्नाला. "पाटलाकडचे नव्हते." खोटं तिच्या कानावरून पुढं जाऊच शकत नव्हतं. चारचौघांत माझी फजिती व्हायची, आणि आता ओसरीवर बसून काहीही ठोकून देतो तर कोणी अडवत नाही. हे काही सुख नाही.

त्या तिसऱ्या खात्यानं मात्र मला धरलं. सांगितलेलं नाही. आमच्या गावात हे खातंच नाही. कोणाच्या दारात जीप थोडा वेळ थांबली तर संध्याकाळपर्यंत ती कोणाची, कशाला आली, आणि आता पोरीचं कुठं जमणार, सगळं भरून तयार. कोणी हसून बोललं नाही तर त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक. रिकामी जागा दिसली की आम्ही तिच्यात काही ना काही पेरतोच, पडीक ठेवायची लाज वाटते. आणि हे परीक्षावाले म्हणतात, थांब. कागदावर नाही ना? मग नाही म्हण, आणि पुढं जा. मला आधी वाटलं ही भित्र्यांची रीत आहे. मग वाटलं, हे भारी अवघड काम आहे. गावातले मोठमोठे यात नापास होतील.

मग आम्ही एक खेळ काढला. कोणी काढला ते आठवत नाही, बहुतेक तिनंच. दिवेलागणीला मी उंबऱ्यावर बसायचो, ती कापसावर. मी दिवसभरातलं काही सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचा. तिनं फक्त माझ्या सांगण्यातून उत्तर द्यायचं, मनानं काही भरायचं नाही.

"आज धुऱ्यावर रशीद भेटला," मी सांगायचो. "त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत मेथी होती. म्हणे, थंडी लई आहे. आन् गेला. आता सांग. रशीदनं मेथी इकत घेतली."

"खरं. नाई, थांबा! सांगितलेलं नाही. त्याले कोणी देली बी असंन."

"रशीदले मेथी आवडते."

"सांगितलेलं नाही."

"अवं लई आवडते त्याले! घरची भाजी टाकून खाते तो!"

"तुमी सांगितलं नाई ना, बाबा."

आणि मी मांडीवर थाप मारायचो. जिंकली ती, पण मजा मला. मग मला नादच लागला. सकाळपासून मी उतारा जमवायला लागलो. कोणाच्या बैलाचं शिंग कोणत्या बाजूला वळलं आहे, सुमनबाईनं आज कोणतं लुगडं नेसलं, चिखलीच्या गाडीतून कोण उतरलं आणि कोणाच्या डोक्यावर काय होतं. शुभीची माय गेल्यापासून मी खाली मान घालून चालत होतो. उताऱ्यासाठी मान वर करावी लागली. सुमनबाई एकदा म्हणालीसुद्धा, "भाऊजी, माह्या लुगड्याकडं काय पाहून राह्यले?" मी म्हटलं, "पोरीच्या परीक्षेत येणार आहे." सगळ्या वावरानं माझी टिंगल केली आणि मी चक्क त्यांच्यात हसलो.

मी सापळे लावायला शिकलो. ती सापळे ओळखायला शिकली. चिखलीचे सर म्हणाले, सुधारली. पण पूर्ण नाही. जिथं उताऱ्यात आजारी माणूस यायचा, दवाखाना यायचा, मरण यायचं, तिथं ती अजून मनानं भरायची आणि चुकायची.

एका दिवशी माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. ढगाळ होतं, वावरात गेलोच नव्हतो. ती वर वाट पाहत बसली होती. मी काही ठरवलं नव्हतं, पण तोंडातून ते निघालं.

"त्या दिवशी सकाळी तुही माय अंगणात तूर निवडत बसली होती," मी म्हटलं. "म्हणे, छातीत जळजळ होते. मी पाणी आणून देलं. अर्धं पेली. उरलेलं तुळशीत टाकलं. म्हणे, जरा पडते. मी गाडी सांगाले गेलो. परत आलो तवा ती भिंतीकडं तोंड करून होती. गाडी आली, पण..."

हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती त्या दिवशी चिखलीला ड्यूटीवर होती. मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं घरात त्या गोष्टीच्या बाजूबाजूनं चालायचो, जसं सारवलेल्या अंगणात चालतात.

मला प्रश्न विचारता येईना. तिनंच विचारला. वरून, कापसातून, अगदी साध्या आवाजात.

"शुभी घरी असती तं मी वाचले असते, असं माय म्हणली. खरं का खोटं?"

मी म्हटलं, "तूच लिव."

तिनं कापसातली एक सरकी बोटानं शोधून काढली. मग ती म्हणाली, "सांगितलेलं नाही."

"मंग इतके दिवस काय लिवत होती?"

"खरं."

"कोण सांगितलं तुले?"

"कोणीच नाई."

बस, एवढंच. ती खाली उतरली, अंगावरचा कापूस झटकला आणि चहा ठेवला. चहात साखर जास्त पडली होती. आम्ही दोघांनीही तो शेवटपर्यंत प्यायला.

परीक्षेला मी तिच्याबरोबर नागपूरला गेलो. मोठी काचेची इमारत, दारात पहारेकरी. त्यानं मला आत सोडलं नाही, पण बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभा राहिला. तोही शेतकऱ्याचाच पोरगा, वर्धेकडचा. आम्ही दोघं अळीवर बोलत बसलो. पोरगी बाहेर आली. रस्त्यावरच्या गाडीवर आम्ही तर्रीपोहे खाल्ले. तिखटानं दोघांच्या नाकातून पाणी आलं आणि परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली. शेगाव गेलं, खामगाव गेलं, तरी उठली नाही. माझा खांदा बधिर झाला. मी हलवला नाही.

आता ती तिकडे आहे. रशीदनं पिंजलेल्या आमच्या कापसाची दुलई घेऊन गेली. फोन करते तेव्हा तिकडे रात्र असते की सकाळ हे मला अजून लक्षात राहत नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, जेऊ घालते. मी विचारतो, त्यांची पोरं येतात का भेटायला? ती म्हणते, कोणाची येतात, कोणाची नाहीत, आपण बोलायचं नाही. जेवलो का, गोळी घेतली का, हे ती रोज विचारते. मी हो म्हणतो. मला एकट्याला करमतं का असं लोक विचारतात. करमतं. भाकरी मला येते, वरण येतं, मेथीची भाजी तर रशीदच्या घरच्यापेक्षा बरी येते. संध्याकाळी जरा जड जातं, तेव्हा मी ओसरी सोडून चौकात जाऊन बसतो. मान वर ठेवायची सवय राहिली आहे, ती चांगली झाली.

निकाल आला तो दिवस मात्र सांगायचा राहिला.

आम्ही पऱ्हाट्या, वेचून झालेली कापसाची झाडं, काढत होतो, दोघंच. त्या वर्षी फरदड, म्हणजे वेचणीनंतरचा दुसरा बहार, ठेवायची नाही, उभं पीक मुळासकट काढायचं, असं मी ठरवलं होतं. अळीला पुढच्या वर्षासाठी राहायला घर कशाला द्यायचं. मी लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यानं पऱ्हाटी उपटायचो, ती मागून गोळा करून ढीग लावायची. ऊन कलतं होतं. तिचा फोन ओढणीच्या गाठीत थरथरला. तिनं हात कमरेला पुसले, फोन पाहिला आणि तशीच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली.

मी चिमटा धरून उभा. तिचं तोंड पाहून मला काही कळेना.

"काय झालं वं?"

"झाले, बाबा. पास झाले."

"मंग रडून काऊन राह्यली?"

"रडत नाई." आणि डोळ्यांतून तर धार लागलेली.

मी तिच्याजवळ बसलो. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हाताला माती होती. ठेवला तरी. थोड्या वेळानं ती उठली आणि माझ्या हातातला चिमटा ओढायला लागली.

"द्या इकडं."

"राहू दे. हाताले फोड येतीन. आता तुले लोकायच्या नाड्या पाहाच्या आहेत."

"येऊ द्या. तिकडं पऱ्हाटी कुठं भेटन मले?"

तिनं चिमटा बुडाशी लावला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून वर ओढलं. जमीन अजून ओलसर होती. मूळ कुठं न तुटता, सगळंच्या सगळं बाहेर आलं. ती धापा टाकत हसली आणि म्हणाली, "पाहा बाबा, साबूत निघालं!"

मी ते तिच्या हातून घेतलं, मुळाची माती हळूहळू झटकली आणि ढिगावर ठेवलं. अजून बरीच ओळ बाकी होती. ती पुढं गेली, मी मागून उचलत राहिलो.